सात मिनिटं पुढे

ब्रुनश्टेटच्या सरकारी इमारतीला गावात सगळे 'टोपी' म्हणतात. तिच्या मनोऱ्याच्या टोकाला एक लोखंडी आकडा आहे. १८९९ साली त्यावर सम्राटाचा गरुड बसवला. सम्राट पळाला, गरुड उतरला. मग दुसरा गरुड आला, पायात नको ते स्वस्तिक धरून. तोही उतरला आणि लाल तारा चढला. तारा गंजल्यावर पूर्व जर्मनीचे हातोडा आणि कंपास आले. आता तिथे मोबाइलचा खांब आहे, आणि खरं सांगायचं तर आजवरच्या टोप्यांमध्ये लोकांच्या उपयोगी पडलेली ही पहिलीच. आकडा मात्र सव्वाशे वर्षं तोच आहे. त्याला कुणी हात लावत नाही, कारण त्याला नंबर आहे.

नंबर सगळ्यालाच आहे. नवं राज्य आलं की पहिलं काम काय, तर 'टोपी'तल्या वस्तूंची मोजदाद. मग प्रत्येक टेबलावर नव्या राज्याचं लेबल, जुन्याच्या शेजारी. जुनं काढायचं नाही. नोंदलेल्या वस्तूवरचं लेबल काढायला फॉर्म लागतो, आणि तो फॉर्म कुठल्याच राजवटीने छापलेला नाही. साहेबांच्या खोलीतल्या खिळ्यालाही नंबर आहे, ४१७. त्यावर मिशीवाले टांगले, दाढीवाले टांगले, चष्मेवाले टांगले. खिळा नोकरीत कायम. तळघरात तीन पायांची एक खुर्ची १९६२ पासून उभी आहे, म्हणजे भिंतीला टेकून आहे. तिच्यावर कुणी बसू शकत नाही आणि तिला कुणी टाकूही शकत नाही.

हार्टविग लिंडोव हा 'टोपी'चा केअरटेकर. त्याच्या आधी त्याचा बाप हाइनर, त्याच्या आधी आजा गुस्ताव. तीन पिढ्या आणि किल्ल्यांचा एकच जुडगा. वरचे साहेब आले नि गेले, लिंडोव राहिले. तळघरातला बॉयलर नेमका कसा पेटवायचा हे लिंडोवांनी एकाही राजवटीला नीट सांगितलं नाही, हे त्याचं खरं कारण.

बॉयलरखालोखाल लिंडोवांचा मान होता तो जिन्यातल्या घड्याळामुळे. पहिल्या मजल्यावर जिना जिथे दोन्हीकडे फुटतो, तिथे अक्रोडाच्या लाकडाचं पुरुषभर उंचीचं घड्याळ उभं होतं. नंबर ९३१. दर सोमवारी सकाळी लिंडोवाने किल्ली द्यायची, आणि ते बरोबर सात मिनिटं पुढे ठेवायचं. आजाने बापाला सांगितलं, बापाने हार्टविगला. सरकारी माणसाने लोकांच्या सात मिनिटं आधी हजर असावं, असा त्याचा अर्थ घरात सांगितला जाई. गावात कुणी कुणाला भेटायला बोलावलं की समोरचा हटकून विचारायचा, चर्चच्या वेळेने की टोपीच्या?

यंदा इमारतीचा शतकोत्तर रौप्यमहोत्सव. जिल्हा प्रशासनाच्या प्रमुख कोरिना शेफेल यांनी स्मरणिका काढायचं ठरवलं. या शेफेलबाई डॉक्टर आहेत, पण खोकला घेऊन गेलात तर उपयोग नाही, त्यांची डॉक्टरकी सांडपाण्याच्या कायद्यावरची. स्मरणिकेत अर्धं पान लिंडोव घराण्याला द्यायचं ठरलं होतं: घड्याळाशेजारी टोपी घालून उभ्या गुस्ताव आजोबांचा फोटो, आणि वर मथळा, 'सात मिनिटं पुढे: सेवेचा वारसा'.

हार्टविगचं नाव आजवर छापून आलं होतं ते फक्त आग विझवायच्या नळकांड्यांवर, तपासणाऱ्याच्या रकान्यात. तो हरखून गेला. त्याने नवा टाय घेतला. बेकरीत सांगितलं, बागेच्या कुंपणावरून शेजाऱ्यांना सांगितलं, ज्यांनी विचारलं नाही त्यांना दोनदा सांगितलं.

"अर्ध्या पानात तुझं डोकं मावेल ना?" बायको मार्लीस म्हणाली. "आत्ताच दारातून तिरकं न्यावं लागतंय."

स्मरणिकेचा मजकूर त्याच्याकडे तारखा तपासायला दिला होता. त्याने तो तीनदा वाचला आणि त्याला त्यात एक गंमत दिसली. सव्वाशे वर्षांत या इमारतीत कुणीही काहीही केलेलं नव्हतं. कोनशिला बसवण्यात आली. छप्पर दुरुस्त करण्यात आलं. १९३३ मध्ये कामकाजाची पुनर्रचना करण्यात आली. १९४२ मध्ये काही रहिवाशांना हलवण्यात आलं, आणि लगेच पुढच्या ओळीत, इमारतीच्या फर्निचरमध्ये भर घालण्यात आली. १९५३ मध्ये खिडक्यांच्या काचा बदलण्यात आल्या. त्या फोडल्या कुणी ते काचांनाच ठाऊक. १९८९ मध्ये कागदपत्रं फाडण्यात आली. एवढी माणसं इथे सकाळी येऊन संध्याकाळपर्यंत बसायची, ती करायची तरी काय, असं मनात येऊन हार्टविगला हसू आलं. तारखा सगळ्या बरोबर होत्या. त्याने सही करून मजकूर परत दिला.

सोहळ्याला पाच आठवडे उरले असताना मोंटेव्हिडिओहून पत्र आलं. नोएमी हाइलब्रुन नावाच्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या, संगीत शिकवून निवृत्त झालेल्या बाईंचं. त्यांचे आजोबा डॉक्टर एमिल हाइलब्रुन ब्रुनश्टेटमध्ये रिंग रस्त्याला राहत. ज्यू. त्यांच्या दिवाणखान्यात अक्रोडाचं उभं घड्याळ होतं, आणि डॉक्टर ते मुद्दाम सात मिनिटं पुढे ठेवत. गप्पिष्ट पेशंटनी उशीर झाला असं वाटून लवकर उठावं, एवढाच त्यामागचा हेतू. ही गोष्ट घरच्यांखेरीज कुणालाही ठाऊक नव्हती. नोएमीबाईंच्या वडिलांना सोळाव्या वर्षी, १९३९ मध्ये, एकट्याला बोटीत बसवून उरुग्वेला धाडलं होतं. तीन वर्षांनी त्यांना रेडक्रॉसमार्फत आईचा निरोप मिळाला. अशा निरोपाला तेव्हा पंचवीस शब्दांची परवानगी होती, आणि आजीने पंचवीसच्या पंचवीस वापरले होते. त्याची प्रत पत्राला जोडली होती:

'मी ठीक. बाबा गेले डिसेंबरात, शांतपणे. घड्याळ सरकारी इमारतीत गेलं. सात मिनिटं पुढे ठेवा, सांगितलं. माणसाने लिहून घेतलं. सोमवारी मी प्रवासाला निघते. नीट राहा. आई.'

त्यानंतर निरोप आला नाही. आता कुणीतरी इंटरनेटवर 'टोपी'च्या जिन्याचा फोटो टाकला होता, शेजारी आमच्या त्या पुढे पळणाऱ्या घड्याळाचा विनोद. नोएमीबाईंनी तो पाहिला होता. सोहळ्याच्या दिवशीच त्या ब्रुनश्टेटला येणार होत्या, दोन दिवसांसाठी. हृदयाचं दुखणं असल्यामुळे पुन्हा येणं होणार नाही, असंही त्यांनी लिहिलं होतं.

शेफेलबाईंनी हार्टविगला वर बोलावून पत्र दाखवलं. मन हेलावून गेलं, असं त्या म्हणाल्या, आणि मन परत जागेवर आल्यावर त्यांनी विचारलं की घड्याळाच्या आत काही नाव-बिव आहे का.

आत दाराच्या पाठीला एक पिवळी पडलेली चिठ्ठी होती. हार्टविग ती एकतीस वर्षं दर सोमवारी बघत आला होता. जुन्या वळणाची लिपी, त्याच्या पिढीला ओ की ठो कळत नाही. त्यातला ७ हा आकडा तेवढा वाचता येई.

"घड्याळजीची कसलीशी चिठ्ठी आहे," तो म्हणाला.

बाईंना हायसं वाटलं. उत्तराचा मसुदा तयारच होता: मालकीबाबत खात्रीलायक माहिती उपलब्ध होऊ शकलेली नाही, सोहळ्यानंतर समिती नेमण्यात येईल. हार्टविग जिना उतरला आणि घड्याळाकडे न बघता खाली गेला. त्याला लाज वाटत होती. त्याहून वाईट म्हणजे त्याला त्या उरुग्वेच्या म्हातारीचा रागही येत होता. ब्याऐंशी वर्षं थांबली, आणखी दोन महिने थांबली असती तर हिचं काय बिघडत होतं? अर्धं पान छापून तरी झालं असतं.

पण सात मिनिटं काही डोक्यातून जाईनात. घरच्यांखेरीज कुणाला ठाऊक नसलेली गोष्ट आजाला कुणी सांगितली? चार दिवस हा प्रश्न चावत राहिला. पाचव्या दिवशी त्याने चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो काढला आणि हेर्टा आत्याकडे गेला.

हेर्टा आत्या म्हणजे गुस्तावची मुलगी, वय त्र्याण्णव, मुक्काम चर्चमागचा वृद्धाश्रम. शाळेत जुनी लिपी शिकलेल्या गावातल्या शेवटच्या दोन-तीन माणसांपैकी एक. हार्टविगने आलुबुखारचा केक नेला होता. तो बघून आत्या म्हणाली की केक आणलायस म्हणजे काम आहे, नुसता भेटायला येतोस तेव्हा हात हलवत येतोस. मग तिने भिंग लावलं.

"आमच्या बाबांचं अक्षर," ती म्हणाली, आणि शाळेत धडा वाचावा तसं वाचू लागली. "हाइलब्रुन, क्लारा, डॉक्टरांची विधवा, रिंग रस्ता आठ. उभं घड्याळ, एक नग. मालकिणीच्या सांगण्यानुसार सात मिनिटं पुढे ठेवावे. घरातून आणले, गु. लिंडोव, सहा मार्च बेचाळीस."

आत्याने केकचा तुकडा तोडला.

"नोंदीला पक्के होते हो बाबा," ती म्हणाली. "बाईंनी सांगितलं, यांनी लिहून घेतलं, आणि मरेपर्यंत पाळलं. तुझ्या बापालाही पाळायला लावलं."

"आणि बाई?"

"बाई सोमवारी गेल्या. गावातले सगळेच गेले त्यांचे. स्टेशनपर्यंत चालत."

"आजोबांनी कधी विचारलं नाही, कुठे गेल्या म्हणून?"

आत्याने भिंग पुसून खोक्यात ठेवलं. "ते लिहून घ्यायला कुणी सांगितलं नव्हतं," ती म्हणाली.

हार्टविग चालतच घरी आला. त्याला आजोबा आठवत होते, म्हातारपणीचे. हाताला तेलाचा वास, खिशात पेपरमिंट, आणि सोमवारी घड्याळ लावताना चेहऱ्यावर देवळात गेल्यासारखा भाव. तो भाव कशाचा होता? पश्चात्तापाचा म्हणावा तर तोंडातून कधी शब्द नाही. नुसत्या शिस्तीचा म्हणावा तर तेवढी शिस्त त्या बाईंसाठी कुठे गेली होती? एका बाईने घर सोडता सोडता दारात आलेल्या माणसाला एक गोष्ट सांगितली, आणि त्या माणसाने, त्याच्या मुलाने, नातवाने ती ब्याऐंशी वर्षं न चुकता पाळली. पाळायला सोपी होती ना. त्याने स्वयंपाकघरात बसून मार्लीसला सगळं सांगितलं. ती बटाटे सोलत होती. सोलून झाल्यावर तिने हात पुसले.

"टाय परत करता येईल," ती म्हणाली. "पावती आहे माझ्याकडे."

दुसऱ्या दिवशी त्याने आत्याने वाचलेलं सगळं कागदावर उतरवून शेफेलबाईंपुढे ठेवलं आणि आपण आधी खोटं बोललो हेही सांगितलं. बाईंचा चेहरा उतरला, आणि तो काही दाखवण्यापुरता उतरला नव्हता. पण सोहळ्याला राजधानीतून मंत्री येणार होत्या. स्मरणिका छापखान्यात गेली होती. शिवाय नोंदलेली वस्तू इमारतीबाहेर जाऊच शकत नाही. तसा नियम आहे, आणि तो लिंडोवांइतका कुणाला ठाऊक? सोहळा होऊ दे, मग समिती, मग रीतसर.

"बरोबर आहे, डॉक्टरबाई," हार्टविग म्हणाला.

बाईंनी इथे सावध व्हायला हवं होतं. लिंडोव 'बरोबर आहे' म्हणाला की बॉयलर बंद पडतो, हे त्यांच्या आधीच्या साहेबांना माहीत होतं.

त्याचं असं झालं होतं की गेल्या वर्षी दुसऱ्या मजल्यावर कुणाच्या तरी घरून आणलेल्या किटलीने पेट घेतला होता. त्यावर शेफेलबाईंनी स्वतःच्या सहीने परिपत्रक काढलं होतं. इमारतीतली प्रत्येक खासगी वस्तू केअरटेकरने शोधावी, तिला मालकाच्या नावाचं पिवळं लेबल लावावं, आणि मालकाने ती चौदा दिवसांच्या आत घरी न्यावी. अपवाद नाही. या परिपत्रकाच्या जोरावर हार्टविगने अकरा किटल्या, सहा शेगड्या आणि रबराच्या झाडाएवढं एक रबराचं झाड घरोघर पोचवलं होतं. परिपत्रक अजून लागू होतं. ते मागे घ्यायचं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

सप्टेंबरच्या शेवटच्या सोमवारी त्याने घड्याळाला किल्ली दिली आणि पिवळं लेबल लावलं. वस्तू: घड्याळ. मालक: हाइलब्रुन. खाली तारीख, केअरटेकरची सही, परिपत्रकाचा क्रमांक. एक प्रत मोंटेव्हिडिओला पाठवली, एक बाईंच्या टपालात घातली. बाईंचं टपाल त्या दिवसांत न फोडता नुसतं साचत होतं. मंत्र्यांच्या फुलांचा रंग ठरत नव्हता.

सोहळ्याच्या दिवशी सकाळी आठला नोएमीबाई आल्या, सामान हलवणारी दोन माणसं घेऊन. ठेंगण्या, पांढरे केस, पायात चालायचे बूट. त्यांची जर्मन भाषा वडिलांकडून आलेली, म्हणजे आमच्या गावची, पण १९३९ मध्येच थांबलेली. हार्टविगची आजी बोलायची तसंच त्या बोलल्या. त्याने त्यांना जिन्यात नेलं. त्यांनी आधी मनगटावर पाहिलं, मग घड्याळावर.

"सात," त्या म्हणाल्या.

हार्टविगने घड्याळाचं दार उघडून चिठ्ठी दाखवली. त्यांनाही ती लिपी येत नव्हती, म्हणून त्याने वाचून दाखवली, पाठ झाली होती. 'गु. लिंडोव'पाशी त्याने सांगितलं की हे माझे आजोबा.

नोएमीबाईंनी चिठ्ठीतल्या ७ या आकड्यावर बोट ठेवलं.

"पंचवीसपैकी बारा शब्द," त्या म्हणाल्या. "बाबा आयुष्यभर चिडायचे. शेवटचं पत्र, आणि आई घड्याळाबद्दल का लिहिते म्हणून." त्यांनी मनगटावरचं घड्याळ नीट केलं. "घड्याळ कुठे सापडेल, त्याचा पत्ता तिने लिहून ठेवला होता. तुमच्या आजोबांजवळ."

हार्टविग म्हणाला, "आजोबांनी तुमच्या आजीसाठी काहीच केलं नाही. घड्याळाचं तेवढं ऐकलं."

त्यावर त्या 'असू दे' म्हणाल्या नाहीत. त्यांनी हात आत घालून लंबक धरला. 'टोपी' एवढी शांत कधी ऐकली नव्हती, असं हार्टविग पुढे सांगत असे. मग त्या दोन माणसांनी घड्याळ घोंगडीत गुंडाळून खाली नेलं. किल्ली हार्टविगने स्वतः त्यांच्या हातात दिली.

भिंतीवर पुरुषभर उंचीचा फिकट चौकोन उरला. आता नियम असा की वस्तू गेली तरी नंबर जाऊ शकत नाही. नंबर ९३१ कुठेतरी असायलाच हवा. हार्टविगने घरून लिहून आणलेलं लेबल त्या चौकोनाच्या मधोमध चिकटवलं. भक्कम चिकटवलं, बॉयलरच्या गोंदाने.

अकराच्या कार्यक्रमाला अख्खी 'टोपी' सात मिनिटं उशिरा पोचली. इतकी वर्षं जिन्यात बघून धावणारी माणसं, आज बघायला काही नव्हतं. शेफेलबाई मंत्र्यांना घेऊन जिना चढल्या, भिंतीपाशी थबकल्या, चष्मा वर करून त्यांनी लेबल वाचलं. मंत्र्यांनीही वाचलं. त्यावर लिहिलं होतं:

'नंबर ९३१. इथे क्लारा हाइलब्रुन यांचं घड्याळ होतं. ते त्यांच्या घरातून ६ मार्च १९४२ रोजी गुस्ताव लिंडोव याने आणलं. सोमवारी क्लाराबाईंना या इमारतीतल्या माणसांनी गावातून घालवलं. घड्याळ त्यांच्या नातीने परत नेलं.'

मंत्री पुढे गेल्या. बाईंनी हार्टविगला बाजूला घेतलं.

"हे काढा," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"कुठल्या फॉर्मवर, डॉक्टरबाई?"

बाईंना उत्तर ठाऊक होतं. मग त्यांचा आवाज बदलला, साहेबाचा राहिला नाही.

"निदान नाव तरी नको होतं, लिंडोव. 'आणण्यात आलं' लिहिलं असतं तरी कळलं असतं ना सगळ्यांना. तुमचे सख्खे आजोबा ते."

"म्हणूनच," हार्टविग म्हणाला, आणि मंत्र्यांसाठी वरच्या हॉलचं दार उघडायला गेला.

स्मरणिकेतलं अर्धं पान तसंच छापून आलं होतं, फोटोसकट. हार्टविगने त्याची एकही प्रत घरी नेली नाही. जिन्यातलं लेबल अजून आहे. सफाईवाल्या बाया भोवतीची भिंत पुसतात, त्याला हात लावत नाहीत, कारण त्याला नंबर आहे.